आडनाव लपवून सहल नको!

पावसाळा सुरू झाला की आमच्या मोबाईलवर दोन प्रकारचे मेसेज येऊ लागतात. पहिला प्रकार ट्रॅव्हल्सवाल्यांचा. 'नाशिक, येवला, दौलताबाद, वेरूळ. दोन दिवस एक रात्र, चहा-नाश्ता-जेवणासह.' 'रायगड आणि कोकण, शनिवारी पहाटे निघून रविवारी रात्री परत.' सोबत हिरव्या डोंगराचा आणि काठोकाठ भरलेल्या तळ्याचा फोटो. दुसरा प्रकार आपल्याच चळवळीच्या ग्रुपवरचा. 'समाजावर रोज अत्याचार होत आहेत आणि आपली पोरं तळ्याकाठी सेल्फी काढत फिरत आहेत. बाबासाहेबांना हेच अपेक्षित होते का?'

आमचे भांडण या दोन्ही मेसेजशी आहे. ट्रॅव्हल्सवाल्याला त्या तळ्याचा इतिहास सांगायचा नाही आणि आपल्या कार्यकर्त्याला तो आठवत नाही. तळ्याकाठी जाऊन उभे राहणे, ओंजळीत पाणी घेणे, जुने शहर आणि जुना किल्ला पाहणे हीच एके काळी आपली लढाई होती, हे दोघेही विसरले आहेत.

आज हे लिहिण्याला एक ताजे कारण आहे. गेल्या पावसाळ्यात आम्ही सहा मित्रांनी एका धरणाच्या जलाशयाकाठी एक रात्र राहायचे ठरवले. आमच्यातल्या एकाने तिथल्या एका राहण्याच्या जागेला फोन लावला. किती जण, व्हेज की नॉनव्हेज, किती वाजता पोहोचणार, सगळे विचारून झाले. मग प्रश्न आला, "बुकिंग कोणाच्या नावाने करू?" मित्राने आडनावासकट पूर्ण नाव सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता. "मूळचे कुठले तुम्ही?" गावही सांगितले. "दोन मिनिटांत कळवतो." दोन मिनिटांनी मेसेज आला, 'सॉरी, फुल्ल आहे.' अर्ध्या तासाने आमच्यातल्याच दुसऱ्याने दुसऱ्या नंबरवरून 'पाटील बोलतोय' म्हणून फोन केला. जागा होती. सहाही जणांची होती.

कोणी म्हणेल, मधल्या वेळात एखादे बुकिंग रद्द झाले असेल. असेलही. पण आपल्यापैकी ज्यांनी शहरात भाड्याने खोली शोधली आहे, त्यांना ती क्षणभराची शांतता चांगली ओळखीची आहे. तिचा अर्थ आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

आम्हाला खरा धक्का मात्र नंतर बसला. आमच्यातला सगळ्यात लहान, नुकताच नोकरीला लागलेला मुलगा म्हणाला, "दादा, पुढच्या वेळी सरळ पाटील म्हणूनच बुकिंग करू. आपल्याला फिरायला जायचंय, भांडायला नाही."

हा लेख त्या मुलासाठी आहे. आणि त्याच्यासारखा विचार मनात येऊन गेलेल्या आपल्या सगळ्यांसाठी आहे.

१९०१ : एका मुलाची पहिली सहल

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्याशा आत्मकथनपर लेखनाची सुरुवातच एका प्रवासाने होते. साल १९०१. कुटुंब साताऱ्यात. वडील रामजीबाबा खटाव तालुक्यात रोखपालाच्या नोकरीवर. काम कसले? दुष्काळात माणसे उपाशी मरत होती, त्यांना मजुरी मिळावी म्हणून सरकारने तिथे तलाव खोदण्याचे काम काढले होते. वडिलांनी मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडे बोलावले. लहानगा भीमराव, त्याचा भाऊ आणि वारलेल्या बहिणीची मुले निघाली. नवे कपडे, नव्या टोप्या, नवे बूट. आगगाडीत बसण्याची पहिलीच वेळ. सुट्टीत फिरायला निघालेल्या कोणत्याही मुलांचा असतो तोच आनंद.

मसूर स्टेशनवर उतरल्यावर न्यायला कोणीच आले नव्हते. चांगल्या कपड्यांतली मुले पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. मुलांनी जात सांगितली आणि त्याचा चेहरा बदलला. बैलगाडी मिळेना. शेवटी एक गाडीवाला तयार झाला, पण दुप्पट भाडे घेऊन आणि मुलांनीच गाडी हाकायची, तो बाजूने पायी चालणार, या अटीवर. सोबत जेवणाचा डबा होता, प्यायला पाणी नव्हते. रात्री टोलनाक्यावर गाडीवाल्याच्या सल्ल्याने त्या मुलाने आपण मुसलमान आहोत असे सांगून पाणी मागितले. तरीही मिळाले नाही. डबा तसाच राहिला आणि मुले उपाशी झोपली.

मित्रांनो, नीट लक्षात घ्या. स्टेशनवर खरी जात सांगितली तेव्हा माणुसकी संपली. नाक्यावर जात लपवली तेव्हाही घशाखाली पाण्याचा थेंब गेला नाही. आणि ज्या बापाकडे ही तहानलेली मुले निघाली होती, तो बाप कुठे कामाला होता? तलाव खोदण्याच्या कामावर! महाराष्ट्रातल्या पाण्याचा आणि जातीचा संबंध यापेक्षा थोडक्यात सांगता येईल असे आम्हाला वाटत नाही. तलाव खोदायला आमचे हात चालतात, हिशोब ठेवायला आमची अक्कल चालते, पण तलावातून ओंजळ भरायची वेळ आली की आमची जात आडवी येते.

१९३४ : नाशिक, येवला, दौलताबाद, वेरूळ

आता ट्रॅव्हल्सवाल्याचा तो पहिला मेसेज पुन्हा वाचा. नाशिक, येवला, दौलताबाद, वेरूळ. याच वाटेने १९३४ साली बाबासाहेब सहलीला निघाले होते. चळवळीतल्या सहकाऱ्यांनी इच्छा व्यक्त केली की आपण एकदा फिरायला जाऊ, बाबासाहेब तयार झाले आणि वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच असे ठरले. सुमारे तीस माणसे, भाड्याच्या बसगाड्या आणि मोटारी.

'समाज जळतोय आणि तुम्ही फिरताय' म्हणणाऱ्यांनी तो काळ आठवावा. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू झालेला. गोलमेज परिषदा झालेल्या. पुणे करार होऊन दोनच वर्षे उलटलेली. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, त्याच येवल्यात 'हिंदू म्हणून मरणार नाही' ही घोषणा व्हायची होती. समाज तेव्हा काय शांत झोपला होता? तरीही बाबासाहेब सहलीला गेले. कारण ज्या समाजाला गावकुसाबाहेर बांधून ठेवले होते, त्या समाजाने मोकळेपणाने फिरणे, आपल्या पूर्वजांची लेणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे ही चैन नव्हती. चळवळीत राबणाऱ्या माणसालाही डोंगर पाहावासा वाटतो. तो हक्क त्याच्याकडून आधी मनूने काढून घेतला होता, आता चळवळीने काढून घेऊ नये.

पण ही सहल त्यांनी जाहीर केली नव्हती. मुद्दामच. अस्पृश्य पर्यटकाला वाटेत काय काय सोसावे लागते, हे ठाऊक असल्यामुळे ओळख न देता प्रवास करायचे ठरले होते. म्हणजे परदेशांतून मोठमोठ्या पदव्या मिळवलेला, गोलमेज परिषदेत बसलेला माणूस आपल्याच मुलखात नाव झाकून फिरत होता!

दौलताबादला पोहोचले तेव्हा रमजानचा महिना होता. प्रवासात अंगावर धूळ बसलेली. किल्ल्याबाहेर दगडी फरसबंदीचे एक छोटे तळे काठोकाठ भरलेले होते. काही जणांनी त्यात हातपाय-तोंड धुतले आणि मंडळी दरवाजाकडे गेली. तेवढ्यात मागून एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा ओरडत धावत आला. तळे बाटवले, हाच त्याचा आक्रोश. बघता बघता जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली, धडा शिकवण्याची भाषा झाली. ओरडणारे मुसलमान होते, राज्य निजामाचे होते. बाबासाहेबांनी त्यांना विचारले, तुमचा धर्म हेच शिकवतो का? उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला, तर त्यालाही या तळ्यावरून हाकलाल का? जमाव गप्प झाला. शेवटी किल्ला पाहू दिला, पण सोबत एक हत्यारबंद शिपाई देऊन. आत कुठेही पाण्याला हात लागू नये, यासाठी!

या प्रसंगाचा वापर आज काही मंडळी मुसलमानांविरुद्ध करू पाहतात. त्यांना एवढेच सांगतो की डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेला मंडप टाकायला सवर्ण हिंदू जागा देईनात, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली होती. दौलताबादचा धडा एका धर्माविरुद्धचा नाही. जात या देशात धर्माच्याही भिंती ओलांडून जाते, हा तो धडा आहे.

नाव झाकून निघालेली ती सहलही शेवटी तळ्याकाठी ओळखली गेली. ओळखल्यावर मात्र कोणीही 'आम्ही ते नव्हेच' म्हणाले नाही. तिथेच उभे राहून प्रश्न विचारला, आणि नंतर सगळा अपमान स्वतःच्या नावानिशी लिहून ठेवला. आमच्या त्या धाकट्या मित्राला आम्ही हेच सांगितले. नाव लपवावेसे वाटले म्हणून तू काही पाप केले नाहीस, त्या परिस्थितीत बाबासाहेबांनाही ते करावे लागले. पण त्यांनी नाव झाकले ते राज्यघटना नव्हती तेव्हा. तू झाकतोयस ते त्यांनी राज्यघटना लिहून दिल्यावर!

महाड : रायगडाच्या वाटेवरचे 'चहा-नाश्त्याचे' गाव

दुसऱ्या मेसेजमधली सहल रायगडची. एकदा आम्ही अशाच एका बसमधून गेलो होतो. महाडला बस थांबली ती नाश्त्यासाठी. वीस मिनिटे. सोबतच्या गाईडने मिसळ कुठे चांगली मिळते ते सांगितले, स्वच्छतागृह कुठे आहे ते सांगितले, रोपवेच्या रांगेचे सांगितले. चवदार तळ्याचे नावसुद्धा काढले नाही. आम्ही विचारले तर म्हणाला, "ते वीस मार्चला असतं."

ते वीस मार्चला असते! जणू बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस तळे तिथे नसतेच.

या वाक्याने आम्ही चिडलो, पण नंतर विचार केला की हे त्याला कोणी शिकवले? आपणही तेच करत नाही का? २० मार्चला आपण लाखोंनी जातो, अभिवादन करतो, पुस्तके घेतो आणि रात्रीच्या गाडीने परततो. किती जणांनी एखाद्या साध्या मंगळवारी त्या तळ्याच्या पायरीवर तासभर बसून पाहिले आहे? किती जण आपल्या लहान मुलांना घेऊन तिथे एक रात्र राहिले आहेत?

राहायला हवे, कारण ती गोष्ट घाईत समजत नाही. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्या ठरावाप्रमाणे तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर सगळे झाले होते! तरीही तीन वर्षे एकाही अस्पृश्याची तळ्यावर जायची हिंमत झाली नाही. तिथे गुरेढोरे पाणी पीत, इतर धर्मांची माणसे पाणी भरत, आणि ज्यांच्या घामावर गाव चालायचे त्यांनाच मनाई. २० मार्च १९२७ ला परिषदेतून माणसे रांगेने चालत गेली, बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतले. मग वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवून जेवणाच्या मंडपात आणि रस्त्यावर आपल्या माणसांना मारहाण झाली. तळे 'शुद्ध' करायला १०८ घागरी पाणी उपसून त्यात शेण-गोमूत्र, दूध-दही ओतले गेले. ज्या पाण्यात शेण चालते, त्यात माणसाची ओंजळ चालत नव्हती.

त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये सवर्णांनी कोर्टातून मनाई हुकूम आणला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. कोर्टाचा मान राखून तळ्यावरचा सत्याग्रह पुढे ढकलला, फक्त तळ्याभोवतीने मिरवणूक काढली. पाणी हाताच्या अंतरावर आणि त्याला न शिवता चालत राहायचे! मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ ला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे.

आणि त्या डिसेंबरच्या परिषदेनंतर बाबासाहेब काय करतात? महाडजवळची प्राचीन बौद्ध लेणी पाहायला जातात आणि रायगडावर जातात. तळे, लेणी, किल्ला हा प्रवास आपल्यासाठी नवा नाही. आज मुंबई-गोवा महामार्गावरून जाताना गांधारपाले गावापाशी डोंगरात ती लेणी दिसतात. स्थानिक नाव काय, तर पांडवलेणी. नाशिकलाही पांडवलेणी. जिथे भिक्खू राहिले, त्या प्रत्येक डोंगरात यांच्या कल्पनेतले पांडव कसे काय पोहोचतात, हे एक कोडेच आहे. प्रवाशांना नाव असे सांगितले जाते आणि बुद्ध गाळला जातो. वेरूळलाही तेच. क्रमांक १ ते १२ ही बौद्ध लेणी, पण बस थेट १६ व्या क्रमांकाच्या कैलासासमोर लागते, तिथे तासभर फोटो आणि मग 'चला, उशीर झाला.' कैलास पाहूच नका असे आम्ही म्हणत नाही. तो पाहाच, पण दहाव्या लेण्यातल्या चैत्यगृहात दगडात कोरलेल्या फासळ्यांखाली उभे राहून वर बघितल्याशिवाय परतू नका.

'आता कोण जात विचारतो?'

आमच्या बुकिंगची गोष्ट सांगितली की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारे बहुतेक वेळा असे असतात, ज्यांना आडनाव सांगितल्यावर कोणी 'दोन मिनिटांत कळवतो' म्हटलेले नसते.

राज्यघटनेचे कलम १५(२) काढून वाचा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणालाही दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत मज्जाव करता येणार नाही. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांबाबतही तेच. या यादीकडे नीट पाहा. एका पूर्ण सहलीत जे जे लागते, ते सगळे तिथे आहे. ज्याला मसूरला गाडी मिळाली नाही, ज्याला तळ्यासाठी दहा वर्षे कोर्टात झगडावे लागले, ज्याला किल्ल्यात शिपायाच्या पहाऱ्यात फिरावे लागले, त्या माणसाच्या मसुदा समितीने दिलेले हे कलम आहे. आम्ही त्याला आपला प्रवासाचा परवाना म्हणतो.

त्यापुढे कलम १७ आहे, १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. १९५५ च्या कायद्यात हॉटेलच्या व्याख्येत लॉजिंग-बोर्डिंगही येते. आणि अनुसूचित जातीच्या माणसाबाबत असा गुन्हा घडला, तर तो अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडला असे कोर्टाने गृहीत धरायचे असते, तसे नाही हे समोरच्याने सिद्ध करायचे. हे कलम १२ आपल्या किती पोरांना माहीत आहे? आमचीही चूक कबूल करतो. त्या दिवशी आम्ही संतापलो, शिव्या दिल्या आणि तो 'फुल्ल आहे'चा मेसेज डिलीट करून टाकला. पुरावा स्वतःच्या हाताने पुसला. ती चूक तुम्ही करू नका.

मग करायचे काय?

पहिले, फिरा. 'सहल ही शहरी, खात्यापित्या लोकांची' हा न्यूनगंड सोडा. वस्तीतल्या मुलांना, विशेषतः मुलींना घेऊन फिरा. महाडच्या डिसेंबर १९२७ च्या परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले होते, हे विसरू नका. घराबाहेर पाऊल टाकायला सगळ्यात जास्त परवानग्या आजही तिलाच लागतात.

दुसरे, बुकिंग स्वतःच्या नावाने, आडनावासकट. नकार आला तर तो लेखी मागा, स्क्रीनशॉट ठेवा, कॉलची वेळ लिहून ठेवा आणि जवळच्या कार्यकर्त्या वकिलाला गाठा.

तिसरे, आपले मार्ग आपणच आखा. महाडचे तळे, गांधारपाल्याची लेणी, मग मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव, दापोलीजवळचे माता रमाईचे वणंद. दापोलीला सगळे समुद्रासाठी जातात. जा, समुद्रात डुंबा, मासे खा. पण १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर याच महाड-दापोलीच्या टापूतले, हे मुलांना वाळूत बसून सांगा. दुसरा मार्ग नाशिकचे काळाराम, येवल्याची मुक्तिभूमी, दौलताबाद, वेरूळ आणि शेवटी औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) नागसेनवन. येवल्यात लोक पैठणी घ्यायला थांबतात. पैठणीही घ्या, पण मुक्तिभूमीवर डोके टेकवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चौथे, गाईडला प्रश्न विचारा. शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल असा. 'या तळ्यावर पूर्वी कोणाला पाणी भरू देत नसत?' बसमधल्या चाळीस जणांपैकी दोघांनी जरी मान वळवून पाहिले तरी पुष्कळ झाले. आणि जमेल तिथे खर्च आपल्या माणसांच्या गाडीवर, खानावळीवर करा.

आम्ही गेलो, त्याच मार्गाने

गेल्या डिसेंबरात आम्ही सहा जण नाशिकहून निघालो. बुकिंग त्याच धाकट्या मित्राने केले, स्वतःच्या आडनावाने. दोन ठिकाणी विचारले. एकीकडे ती ओळखीची शांतता आली. दुसरीकडे एका बाईंनी विचारले, "जेवणात काय करू, भाकरी की चपाती?" बस्स, एवढेच विचारले. फोन ठेवल्यावर त्या पोराच्या चेहऱ्यावर जे होते, ते 'पाटील' म्हणून मिळालेल्या कोणत्याही खोलीत त्याला मिळाले नसते.

दौलताबादला गाईडने आम्हाला खंदक दाखवला, मेंढा तोफ दाखवली, अंधारीतून चालवले. आम्ही त्याचे सगळे ऐकून घेतले आणि मग आमच्या त्या मित्राने त्याला १९३४ ची गोष्ट सांगितली. गाईड म्हणाला, "साहेब, पंधरा वर्षं झाली मला इथे. हे कोणी सांगितलंच नाही." त्याने फोनमध्ये साल लिहून घेतले.

खाली उतरल्यावर आम्ही तहानलो होतो. दरवाजाबाहेरच्या टपरीवर पाण्याच्या बाटल्या घेतल्या, त्याच अंगणात उभे राहून प्यायलो. बाजूने कोणीही शिपाई चालत नव्हता. नव्वद वर्षांपूर्वी तीस माणसांना जे मिळाले नाही, ते आम्हाला वीस रुपयांत मिळाले. ही किंमत कोणी मोजली, ते विसरून फोटो काढू नका. फोटो जरूर काढा, आणि खाली आपले पूर्ण नाव लिहा.

जय भीम!